स्वस्तातली गाडी, फुकटातली नव्हे

कमी पैशांत घर कसं चालवायचं, हे आपल्याला कुणी वर्ग भरवून शिकवलेलं नसतं. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे जिचं तिला कळत जातं. पडदे जुन्या साडीचे चालतात, पण गॅसची नळी जुनी चालत नाही. पाहुण्यांसाठी बशा शेजारून आणता येतात, पण लेकराचं औषध अर्धं देता येत नाही. हेच साधं शहाणपण शर्यतीच्या मोटारीलाही तसंच्या तसं लागू पडतं, हे मला आमच्या पुतणीमुळे कळलं. आणि गंमत म्हणजे, ती मोटार बांधणाऱ्या मुलामुलींना या हिशेबासाठी चक्क गुण मिळतात!

आमचं धामापूर लोकांना माहीत आहे ते तलावामुळे आणि त्याच्या काठावरच्या भगवतीच्या देवळामुळे. मोटारींच्या शर्यती इथे फक्त टीव्हीवर, आणि त्याही घरातले पुरुष बघणार. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी चवथीला माझ्या धाकट्या जावेची मुलगी घरी आली आणि तिनं आईकडे दहा हजार रुपये मागितले, तेव्हा घरात गोंधळच उडाला. ती घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. ‘कित्याक होये?’ तर म्हणे, ‘गाडयेक.’ जावेला वाटलं, पोरीला स्कूटी हवी असेल. पण स्कूटी नव्हे, तर कॉलेजातली पंचवीसेक मुलं मिळून शर्यतीची एक लहान मोटार बांधणार होती आणि प्रत्येकाची वर्गणी दहा हजार होती. वर ही म्हणते, ‘मला वेल्डिंग शिकायचंय.’ जाऊ कपाळाला हात लावून म्हणाली, ‘चेडवाक वेल्डिंग कित्याक होया?’

पैसे घरात नव्हते. काजूचे पैसे फीला गेले होते. तेव्हा जावेनं आमच्या बचत गटाकडे कर्ज मागितलं. गटानं आजवर म्हशीला, छपराला, शिलाई मशीनला, दवाखान्याला कर्ज दिलं होतं. शर्यतीच्या गाडीला कर्ज म्हटल्यावर बैठकीत हसू फुटलं. एकीनं विचारलं, ‘गाडी चललीच नाय तर?’ त्यावर गटातली सगळ्यात मोठी बाई म्हणाली, ‘म्हस घेवक कर्ज दिलाव, तेव्हा ती दूध देतलीच म्हणान कोणी लिहून दिलेला?’ शेवटी कर्ज मंजूर झालं, पण एका अटीवर. मी स्वतः जाऊन ते काम बघायचं आणि गटाला सांगायचं. म्हणून मी, बी. ए. मराठीवाली बाई, त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभी राहिले. एकदा नव्हे, चार वेळा.

ही स्पर्धा आहे तरी काय?

विद्यार्थ्यांनी एक माणूस बसेल एवढी, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्पर्धेत उतरवायची. ही कल्पना अमेरिकेत ‘फॉर्म्युला एसएई’ या नावानं १९८१च्या सुमारास टेक्सासमध्ये सुरू झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ती ‘फॉर्म्युला स्टुडंट’ म्हणून आली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे २००७पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली, २०११पासून ‘सुप्रा’ आली. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते. आपल्या आयआयटी मुंबईची मुलं तर स्वतः बांधलेली विजेवरची गाडी घेऊन इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला जाऊन आली आहेत.

मला वाटलं होतं, जो पहिला येईल तो जिंकला. तसं नाही. एकूण गुण १०००, आणि त्यातले ३२५ गाडी जागची न हलता मिळतात. गाडीची आखणी अशीच का केली हे परीक्षकांना पटवून देण्याचे १५०, ही गाडी विकायची झाली तर धंदा कसा कराल याचे ७५ आणि खर्चाच्या हिशेबाचे १००. बाकीचे गुण पळण्याचे. ७५ मीटर सरळ पळायचं, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायचं, वळणावळणाच्या वाटेवर एक फेरी मारायची आणि शेवटी सुमारे २२ किलोमीटरची दमाची परीक्षा. या शेवटच्या परीक्षेला सगळ्यात जास्त गुण असतात, कारण वेगानं पळणं सोपं आणि टिकणं अवघड. हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

मी अडकले ती हिशेबाच्या १०० गुणांपाशी. नट-बोल्टपासून सगळ्या वस्तूंची यादी करायची, एवढंच नाही. पाइप कापायला, वाकवायला, जोडायला किती काम लागलं तेही मांडायचं. आणि फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत लावायची. कुणी पाइप दान दिले, कुणी पत्रा फुकट कापून दिला, तरी कागदावर तिथे शून्य लिहायचं नाही. पुतणीनं हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, ‘बाळा, हा नियम आमच्या घरात लावला तर तुझ्या आईचं आणि माझं बिल केवढं होईल!’ ती हसली, पण नंतर गप्पही झाली.

हे आपल्याकडे नवं नाही

स्वस्तात मोटार बांधायचं वेड आपल्याकडे जुनं आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सातवीपर्यंत शिकलेले. चाळीसच्या दशकापासून ते ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवत होते. एकामागून एक नमुने करत त्यांनी ती सुधारली. सत्तरच्या दशकात ती सुमारे १२ हजार रुपयांत लोकांना द्यायचा त्यांचा विचार होता. ती कारखान्यातून बाहेर पडली नाही, हे दुर्दैव.

शर्यतीच्या गाड्यांबाबत हे काम केलं ते कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. परदेशी रेसिंग कार म्हणजे श्रीमंतांचा खेळ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी साध्या मारुती ८००चं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतला, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यात बसवला आणि ‘फॉर्म्युला मारुती’ तयार केली. आपल्या दारातल्या गाडीचंच ते ७९६ सीसीचं इंजिन! त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळायचे आणि दुरुस्तीही आपल्याच मेकॅनिककडून व्हायची. नारायण कार्तिकेयननं शर्यतींना सुरुवात केली ती याच गाडीतून, आणि २००५मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरच्या त्या ट्रॅकला नाव आहे ते त्यांचंच.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण सांगलीतल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. जुन्या सुट्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि २०२२च्या जानेवारीत त्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. बातमी सगळ्यांनी वाचली. पण महिंद्रांनी आणखी एक गोष्ट म्हटली होती, ती फार कुणाच्या लक्षात राहिली नाही. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, असं ते म्हणाले होते.

ही गोष्ट आयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरी किंवा कॉलेजात बांधलेली शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवायची नसते. तिला नोंदणी नाही, नंबर नाही, विमा नाही. ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची, तिथेच पळवायची आणि टेम्पोतूनच परत आणायची. ‘जरा नाक्यापर्यंत फिरवून आणतो’ हे चालणार नाही. टेम्पोचं भाडंही म्हणूनच बजेटमध्ये आधीपासून धरावं लागतं.

वर्कशॉपमध्ये काय पाहिलं

पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी पीव्हीसीच्या पाइपांची होती! आपल्या नळाच्या कामाला वापरतात तेच पांढरे पाइप, दोरीनं आणि टेपनं बांधलेले. आधी असा खोटा सांगाडा करून त्यात सगळ्यात उंच मुलाला आणि सगळ्यात लहानखुऱ्या मुलीला बसवून बघतात. पाय पॅडलला पोचतात का? डोकं वरच्या कमानीखाली राहतं का? कोपर कुठे आदळतं का? ब्लाऊज बेतताना आपण आधी जुन्या कापडावर कापून बघतो, तसंच हे. लोखंड कापल्यावर चूक कळली तर पैसे गेलेच.

अमेरिकेतल्या मूळ स्पर्धेच्या नियमांत एक वाक्य आहे, ते मला फार आवडलं. गाडी लहान चणीच्या बाईपासून धिप्पाड पुरुषापर्यंत सगळ्यांना चालवता आली पाहिजे. म्हणजे शंभर बायका उंचीनं ओळीत उभ्या केल्या, तर पहिल्या पाचांच्या आसपासची बाईसुद्धा त्या गाडीत नीट बसली पाहिजे. आपल्या ओट्याची उंची ठरवताना तरी हा विचार कुणी करतं का?

दुसऱ्यांदा गेले तेव्हा खरा सांगाडा उभा राहत होता. चालकाच्या डोक्यामागची जी कमान असते, गाडी उलटली तर तीच जीव वाचवते. तिच्यासाठी स्टीलची नळी साधारण २५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाड लागते. नळीला नळी जोडायची तर टोक माशाच्या तोंडासारखं गोल कापावं लागतं. फट राहिली तर वेल्डिंग कितीही सुबक दिसो, जोड कच्चा. सगळ्या नळ्या एका साच्यात घट्ट धरून मगच जोडायच्या, नाहीतर उष्णतेनं सांगाडा वाकडा होतो.

इंजिन मोटारसायकलचं. नियमाप्रमाणे ते ७१० सीसीपर्यंत चालतं. आपल्याकडचे बरेच संघ केटीएम ३९०चं ३७३ सीसीचं इंजिन घेतात. ते पुण्याजवळ चाकणलाच बनायचं, त्यामुळे जुनं मिळतं आणि सुटे भागही मिळतात. आमच्या मुलांनीही जुनंच घेतलं, पण पावती आणि कागदपत्रं बघून. त्या इंजिनाला हवा मिळते ती फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून, म्हणजे कुणी पैशाच्या जोरावर अफाट वेग विकत घेऊ नये. ब्रेकच्या डिस्क मोटारसायकलच्या. शॉकॲब्सॉर्बर डोंगरात चालवायच्या सायकलचे. किती ठिकाणी किती हुशारीनं पैसे वाचवलेत, हे बघून मला आमच्या गटातल्या बायकांची आठवण येत होती.

आणि बॉडी? ती तर आमच्या मालवणात झाली. आता मच्छिमारांच्या होड्या फायबरच्या असतात, हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीचं नाकही त्याच पद्धतीनं बनतं. आधी साचा, त्यावर मेण, मग जेलकोट, मग फायबरची चटई आणि राळेसारखं रेझिन असे थर. पुतणी सप्टेंबरात होड्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराकडे गेली. तो म्हणाला, ‘पाऊस जावंदे. आता केलंस तर चिकट रवतला.’ दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यानं चार दिवस तिला आणि तिच्या दोन मित्रांना शिकवलं. पैसे घ्यायला तयार नव्हता. पुतणीनं त्याची चार दिवसांची मजुरी त्या हिशेबाच्या वहीत लिहिली, आणि नंतर नेऊनही दिली. मला त्या पोरीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते तेव्हा.

मुलींचं अक्षर चांगलं असतं!

संघात पंचवीस जणांत मुली चार. पहिल्याच बैठकीत कामं वाटली गेली. मुलांना इंजिन, सांगाडा, ब्रेक. मुलींना रिपोर्ट, सादरीकरण आणि प्रायोजकांना पत्रं. कारण काय, तर मुलींचं अक्षर चांगलं असतं. वाईट हेतूनं कुणी केलं नव्हतं. हळदीकुंकवाला खुर्च्या पुरुषांनी मांडायच्या आणि भांडी बायकांनी घासायची, तसंच.

पुतणीनं भांडण केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती कुडाळला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे रोज जायला लागली. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड. पहिला आठवडा तिनं नुसतं ग्राइंडिंग केलं. जावेचा जीव खालीवर. मग मीही एक दिवस जाऊन बसले आणि चार गोष्टी शिकले. वेल्डिंगचा प्रकाश नुसत्या डोळ्यांनी बघितला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, म्हणून काळ्या काचेचा मुखवटा हवाच, बघणाऱ्यालासुद्धा. कपडे सुती आणि अंगभर. नायलॉन, पॉलिएस्टर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नाही, केस बांधलेले. आणि जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप बंद खोलीत जोडायचा नाही, त्याच्या धुरानं ताप भरतो. आपल्या गावोगावच्या दुकानांत किती पोरं उघड्या डोळ्यांनी हे काम करतात, ते तेव्हा माझ्या डोळ्यांत भरलं. त्या दुकानातल्या दोघा पोरांना आमच्या गटानं नंतर मुखवटे घेऊन दिले.

पुतणी कॉलेजात परतली ती हातावर दोन बारीक डाग घेऊन. सांगाड्याचे मुख्य जोड कसबी वेल्डरकडूनच करून घेतले, आणि ते योग्यच होतं. पण बॅटरीचा कप्पा, सायलेन्सरचा आधार, बॉडी अडकवायच्या पट्ट्या हे सगळं तिनं जोडलं. नजर तयार झाल्यामुळे सांगाड्याच्या एका जोडातलं टाचणीएवढं भोक तिलाच दिसलं. तो जोड कापून पुन्हा करावा लागला. दोन दिवस गेले, पण कुणी कुरकुर केली नाही.

पट्टा नवा की टायर नवे?

डिसेंबरात पैसे संपत आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. परदेशी टायरचा नवा संच घ्यायचा की चालकाला सहा ठिकाणी आवळून धरणारा सुरक्षा पट्टा नवा घ्यायचा? दोन्ही परवडत नव्हतं. एका जुन्या संघाचा वापरलेला पट्टा अगदी स्वस्तात मिळत होता. दिसायला चांगला होता, पण त्यावरचं मुदतीचं लेबल निघून गेलं होतं. अशा पट्ट्याला मुदत असते. उन्हानं, घामानं धागा आतून कमकुवत होतो आणि ते वरून दिसत नाही. अर्धा संघ म्हणत होता, ‘घेऊ या, तपासणीत चालून जाईल.’ पुतणी म्हणाली, ‘तपासणीत चालेलही. पण आत बसणार कोण, त्याचं नाव आधी सांगा.’ त्यानंतर चर्चा थांबली. पट्टा नवा आला, टायर जुने राहिले.

जानेवारीत ते कोइमतूरला गेले. तिथे गाडी पळण्याआधी तपासणी. चालकाला आत बसवून गाडी ६० अंशांत तिरकी करतात. ती उलटता कामा नये. पेट्रोलची टाकी भरून तिरकी करतात, तेव्हा थेंबही गळता कामा नये. पट्टे सोडून चालकानं पाच सेकंदांत बाहेर पडायचं. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम थांबायला हवीत. पहिल्या वर्षी अनेक संघांच्या गाड्या इथेच अडकतात. आमची ब्रेकला एकदा अडकली आणि दुसऱ्या खेपेला सुटली. दमाच्या परीक्षेत मात्र नवव्या किलोमीटरला साखळी उतरली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या परीक्षेचे गुण गेले. हळदीकुंकवाचे दिवस होते. फोनवर रडणं ऐकून सगळ्या बायका गप्प झाल्या. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘काकी, हिशेबाच्या परीक्षेत परीक्षकांनी एकही वस्तू खोटी काढली नाही.’

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीनं उद्या अशा कामाला पैसे मागितले तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. काही प्रश्न विचारा. पैशांचा हिशेब कोण ठेवतं आणि तो सगळ्यांना दिसतो का? वर्कशॉपमध्ये आग विझवायचं नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? रात्री काम असेल तर शिक्षक हजर असतात का, आणि मुली होस्टेलवर कशा परततात? परीक्षेच्या आधी काम कधी थांबतं? आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: मुलीच्या हातात पान्हा देतात, की फक्त पेन?

इंजिनिअरिंगची फी परवडत नसेल तरी हात शिकवता येतात. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा असतो, आणि तिथे मुलींसाठी राखीव जागा असतात. आपल्या भागात गेट, टाक्या, होड्या, काजूच्या कारखान्यातली यंत्रं यांची कामं काही संपणारी नाहीत.

जावेनं कर्ज दहा महिन्यांत फेडलं, महिना दोन टक्के व्याजासकट. त्यातले चार हप्ते पुतणीनं शिकवण्या घेऊन भरले. गटाच्या वहीत कर्जाच्या कारणाचा एक रकाना असतो. म्हैस, छप्पर, दवाखाना यांच्याखाली आता ‘गाडी बांधणे’ अशी नोंद आहे. या चवथीनंतरच्या बैठकीत शेजारच्या वाडीतली एक आई आली होती. तिच्या मुलीला आयटीआयला वेल्डर ट्रेडला घालायचंय, मुखवटा आणि चामडी हातमोजे घ्यायला पैसे हवेत. यावेळी हसलं कुणीच नाही. फक्त एकीनं विचारलं, ‘चांगल्यातले किती पडतत?’